दोन वेगळ्या किटची रॅम एकत्र लावायची का? चालते, पण कशी चालते ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चा चार स्लॉटवाला बोर्ड, त्यात ८-८ जीबीच्या दोन स्टिक ३२०० सीएल१६ च्या (३२०० हा स्पीड, सीएल म्हणजे मागितलेला डेटा मिळेपर्यंत लागणारे क्लॉकचे ठोके) आधीपासून लागलेल्या, आता १६-१६ चं ३६०० सीएल१८ चं वेगळ्या कंपनीचं किट मिळतंय, ते उरलेल्या दोन स्लॉटात टाकून ४८ जीबी करायचंय. एकजण म्हणाला कंपनी सेम नसेल तर बोर्ड उडेल, दुसरा म्हणाला काही होत नाही, घुसवा आणि चालू करा.

दोघांचंही ऐकू नका. बोर्ड उडत वगैरे नाही. डीडीआर४ च्या स्लॉटात डीडीआर४ चीच साधी डेस्कटॉप रॅम असेल तर वाईटात वाईट काय, पीसी चालू होणार नाही, नवीन स्टिक काढल्या की परत पहिल्यासारखा. डीडीआर३ किंवा डीडीआर५ चुकून लागूच शकत नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते. फक्त सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड डीडीआर४ तेवढी घेऊ नका, ती स्लॉटात बसते अगदी छान पण डेस्कटॉप बोर्डावर चालू होत नाही, आणि सेकंडहँडमध्ये ती स्वस्त दिसते त्याचं कारणच ते आहे.

पण दुसऱ्याचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. कारण जी रॅम चालूच होत नाही तिचा काही त्रास नसतो, लगेच कळतं, काढून परत करता येते. त्रास देते ती चालू होणारी. विंडोज उघडतं, टास्क मॅनेजरमध्ये ४८ जीबी दिसतात, आपण खूश, आणि मग कधीतरी मोठी झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइल खराब असल्याचा निरोप, कधी ब्राउझरचा टॅब आपोआप पडतो, कधी गेम डेस्कटॉपवर फेकतो, कधी निळा स्क्रीन आणि त्यावर मेमरी मॅनेजमेंट. लोक मग विंडोज परत टाकतात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतात, पॉवर सप्लायला शिव्या घालतात. आणि या सगळ्या काळात डिस्कवर लिहिलं जाणारं सगळं त्याच रॅममधून जात असतं, म्हणजे फोटो, बॅकअप, सगळं. एखादा बिट उलटा पडला तर फाइल खराबच लिहिली जाते आणि कोणी सांगायला येत नाही. म्हणून मिक्स करा, माझी ना नाही, पण "चालू झाली" इथे थांबू नका.

आता किट म्हणजे काय ते आधी. रॅम विकणाऱ्या बहुतेक कंपन्या चिप स्वतः बनवत नाहीत, चिप येतात मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून. विकणारी कंपनी त्या घेते, स्टिकवर लावते, आणि दोन किंवा चार स्टिक एकत्र ठेवून अमुक स्पीडला, अमुक टायमिंगला, अमुक व्होल्टेजला चालतात असं ठरवून एका डब्यात भरते. डब्यावरचा ३२०० सीएल१६ हा आकडा त्या डब्यातल्या स्टिकपुरता आहे. दुसऱ्या डब्याशी त्याचा काही करार नाही. म्हणून रॅम कंपन्या स्वतःच सांगतात की किट मिक्स करू नका, अगदी तेच मॉडेल दोनदा घेतलं तरी. हे ऐकून लोकांना वाटतं की कंपनीला माल खपवायचाय, पण त्यात तथ्य आहे, कारण एकाच मॉडेल नंबरखाली आज एका बनावटीची चिप आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या बनावटीची असं सर्रास चालतं. कॉर्सेअरच्या स्टिकरवर व्हर्जन नंबर छापलेला असतो, तो ३ ने सुरू झाला तर आत मायक्रॉन, ४ ने तर सॅमसंग, ५ ने तर हायनिक्स, बाहेरून हीटसिंक तोच, रंग तोच, लायटिंग तीच. त्यामुळे "सेम कंपनी घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. कंपनी वेगळी आणि आतली चिप एकच असेल तर ती जोडी उलट जास्त सुखाने नांदते.

आत काय आहे हे बघायला सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात एसपीडी टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडा. डीरॅम मॅन्युफॅक्चरर म्हणजे चिप कोणाची, रँक (एकत्र काम करणारा चिपचा गट) सिंगल का ड्युअल, आणि खाली टायमिंगचा तक्ता. हा तक्ता स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेला असतो, त्यात दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक जेडेकच्या (रॅमची मानकं ठरवणारी संस्था) ठरलेल्या, म्हणजे १.२ व्होल्टवर कुठल्याही बोर्डावर चालाव्यात अशा, आणि दुसरी एक्सएमपी प्रोफाइल, ती कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेली, बहुतेक वेळा १.३५ व्होल्टची. तुमची ३२०० वाली स्टिक एक्सएमपी बंद असेल तर २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. कित्येकांची वर्षानुवर्षं तशीच चालू असते, आणि आपल्याकडे ३२०० आहे असं ते ठामपणे सांगत असतात, तर तेही एकदा बघून घ्या. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, तो खरा क्लॉक आहे, डीडीआर म्हणून दुप्पट मोजायचा, म्हणजे ३२००.

आता मुद्द्याचं. दोन किट एकत्र लावल्यावर सगळ्या स्टिक एकाच स्पीडला आणि एकाच मुख्य टायमिंगला चालणार, ३६०० वाली ३६०० ला आणि ३२०० वाली ३२०० ला असं होत नाही. लोक म्हणतात "बोर्ड आपोआप हळू वाल्यावर येतो". एक्सएमपी बंद असताना हे बऱ्यापैकी खरं आहे, बोर्ड सगळ्यांच्या जेडेक नोंदी वाचून सगळ्यांना झेपेल ते घेतो. एक्सएमपी चालू केलं की मात्र भरवसा नाही. काही बोर्ड एकाच स्लॉटमधल्या स्टिकची प्रोफाइल उचलून सगळ्यांवर लादतात, काही दोन्ही प्रोफाइल दाखवून तुम्हालाच निवडायला लावतात. ३६०० ची प्रोफाइल ३२०० वाल्यांवर पडली तर एकतर चालू होणार नाही, किंवा होईल आणि वर सांगितलेली गंमत सुरू होईल.

मग ३२०० ची प्रोफाइल लावली की झालं ना, नवीन किट तर जास्त फास्ट आहे? इथेच बहुतेक लोक अडकतात, म्हणून आकडे मांडूनच बघू. टायमिंगचे आकडे क्लॉकच्या ठोक्यांमध्ये असतात, वेळेत नाही. ३२०० ला एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, ३६०० ला ०.५५६ चा. समजा जुनं किट १६-१८-१८-३८ आहे आणि नवीन १८-२२-२२-४२, हे दोन्ही अगदी नेहमी दिसणारे आकडे. पहिला आकडा सीएल: जुन्याचा १६ गुणिले ०.६२५ म्हणजे १० नॅनोसेकंद, नव्याचा १८ गुणिले ०.५५६ म्हणजे तेही १०. बरोबरीत. आता दुसरा: जुन्याचा १८ गुणिले ०.६२५ म्हणजे ११.२५, नव्याचा २२ गुणिले ०.५५६ म्हणजे १२.२ च्या वर. म्हणजे "फास्ट" वाल्या नव्या किटला मेमरीतली ओळ उघडायचं हे काम करायला जुन्यापेक्षा जास्त वेळ लागतो! तुम्ही जुनी प्रोफाइल लावली तर नव्या चिपला ११.२५ मध्ये उरकायला सांगताय, आणि तिच्या कंपनीने हमी दिलीय १२.२ ची. जमेलही, नाही जमलं तर दोष तिचा नाही. १२.२२ ला ०.६२५ ने भागा, १९.५ येतात, वर पूर्ण करून २०. तिसरा आकडाही तसाच २०, चौथा ४२ चा हिशेब केला तर ३८ मध्ये बसतो. म्हणजे दोघांना झेपणारं सेटिंग झालं ३२०० ला १६-२०-२०-३८. हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, हाताने भरायचं. एवढा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो आणि अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्या अर्ध्या तक्रारी टीआरएफसी नावाच्या आकड्यामुळे, जो डब्यावर कधीच छापत नाहीत. रॅमच्या पेशीतला चार्ज गळत असतो म्हणून ती ठरावीक वेळाने रिफ्रेश करावी लागते, त्या एका रिफ्रेशला किती वेळ थांबायचं तो हा आकडा. तो स्पीडवर नाही, चिप किती मोठी आहे त्यावर ठरतो: डीडीआर४ मध्ये जेडेकप्रमाणे ८ गिगाबिटच्या चिपला ३५० नॅनोसेकंद आणि १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. तुमच्या जुन्या ८ जीबीच्या स्टिकवर बहुतेक ८ गिगाबिटच्या (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) आठ चिप आहेत. नवीन १६ जीबीच्या स्टिकवर ८ गिगाबिटच्या सोळा असतील, म्हणजे ड्युअल रँक, किंवा १६ गिगाबिटच्या आठ, म्हणजे सिंगल रँक. हे दुसरं निघालं आणि बोर्डाने जुन्या स्टिकच्या प्रोफाइलमधून टीआरएफसी उचलला, तर ३२०० ला ३५० नॅनोसेकंद म्हणजे ५६० ठोके लागतात आणि मोठ्या चिपला हवेत ८८०. रिफ्रेश पूर्ण व्हायच्या आत वाचायला सुरुवात. असल्या वेळी पीसी मस्त चालू होतो, बेंचमार्कही होतात, एरर येतात त्या अधूनमधून, कशाशी संबंध लागत नाही अशा. मिक्स केल्यावर टीआरएफसी एकदा नजरेखालून घालाच, शंका असेल तर ८८० भरून टाका. थोडा स्पीड जाईल, जाऊ दे.

हातात उघडी स्टिक असेल तर चिपही मोजा. ८ जीबीच्या स्टिकवर आठ ऐवजी चारच चिप दिसल्या तर ती एक्स१६ वाली, म्हणजे एकेक चिप १६ बिट रुंद. ती खराब नसते पण तिच्यात बँक ग्रुप (चिपच्या आतले आळीपाळीने काम करणारे विभाग) निम्मे असल्यामुळे त्याच स्पीडला थोडी मंद पडते, अशी असेल तर ती मिक्स करत बसण्यापेक्षा बदललेली बरी.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल कोणी बोलत नाही: चार स्टिक म्हणजे मेमरी कंट्रोलरवरचा, म्हणजे रॅमशी बोलणाऱ्या भागावरचा बोजा, आणि तो प्रोसेसरमध्ये असतो, रॅममध्ये नाही. एएमडीने या पिढीसाठी स्वतः दिलेले आकडे असे आहेत: दोन स्टिक असतील तर ३२००, चार सिंगल रँक असतील तर २९३३, चार ड्युअल रँक असतील तर २६६६. त्याच्या पुढे जे मिळेल ते बोनस. प्रत्यक्षात चार स्टिक ३२०० ला चालतात बऱ्याच ठिकाणी, पण नाही चालल्या तर रॅमला नावं ठेवू नका आणि दुकानदाराशी भांडू नका. इंटेलवाल्यांसाठी आणखी एक अडचण, ५०० सिरीजच्या आधीच्या बी आणि एच बोर्डांवर रॅम ओव्हरक्लॉकच होत नाही, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या वर जातच नाही, बी४६० मध्ये ३६०० टाका नाहीतर ३२००, चालणार २६६६ किंवा फार तर २९३३ ला. तिथे महाग किट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. एका अर्थी त्यांचं मिक्सिंग मात्र सोपं, कारण स्पीडच कमी.

स्लॉटचं पटकन सांगतो. प्रोसेसरपासून मोजून १ आणि २ एक जोडी नाही, जोडी म्हणजे २ आणि ४, मग १ आणि ३ असं बोर्डाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि पहिले दोन एका चॅनलचे, पुढचे दोन दुसऱ्या चॅनलचे (चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता, दोन्ही एकदम वापरले की ड्युअल चॅनल). जुनं किट २ आणि ४ मध्ये, नवीन १ आणि ३ मध्ये, किंवा उलट, पण प्रत्येक चॅनलला ८ अधिक १६ असे २४ आले पाहिजेत. मग ४८ च्या ४८ ड्युअल चॅनलमध्ये. दोन्ही ८ एकाच चॅनलला आणि दोन्ही १६ दुसऱ्या चॅनलला टाकल्या तर एकीकडे १६, दुसरीकडे ३२, मग ३२ पर्यंत ड्युअल चॅनल आणि वरचे १६ सिंगल. दोन स्लॉटवाल्या बोर्डात ८ आणि १६ लावली तरी हेच तत्त्व, ८ अधिक ८ ड्युअलमध्ये आणि उरलेले ८ सिंगलमध्ये, आणि तेही एकट्या १६ च्या स्टिकपेक्षा चांगलं, खास करून ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर. मोठा एअर कूलर असेल तर पहिल्या स्लॉटात उंच हीटसिंकवाली स्टिक बसते का ते आधी बघा. आणि दोन कंपन्यांची लायटिंगची सॉफ्टवेअर एकत्र टाकायचा मोह होईल, तो आवरा.

आता लावायची पद्धत. आधी बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा. पीसी बंद, पॉवर सप्लायचं बटण बंद, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज काढा. जुन्या स्टिक काढून ठेवा आणि फक्त नवीन किट लावून चालू करा. ही पायरी सगळे गाळतात. नवीन किट एकटं त्याच्या स्वतःच्या एक्सएमपी प्रोफाइलवर मेमटेस्टमधून (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, खाली सांगतो) पास होतंय का हे आधी कळायला हवं, नाहीतर पुढे एरर आली की खराब स्टिक आहे का मिक्सिंगचा प्रॉब्लेम आहे हे शोधण्यात जीव जातो, आणि तोवर परत करायची मुदत संपते. ते पास झालं की एक्सएमपी परत बंद करा आणि चारही लावा. चालू झाला की २६६६ वर टेस्ट. मग हाताने २९३३, मग ३२०० आणि वर काढलेले १६-२०-२०-३८, व्होल्टेज १.३५, कमांड रेट २टी किंवा गिअर डाउन मोड चालू (दोन्ही बायोसमधलेच पर्याय, रॅमला थोडी सवड देणारे), बाकीचे बारीक आकडे ऑटो. एका वेळी एकच गोष्ट बदला. ३२०० ला एरर येत असतील तर व्होल्टेज चढवत बसू नका, २९३३ ला या आणि विषय संपवा. २९३३ आणि ३२०० मधला फरक रोजच्या वापरात मला तरी डोळे झाकून ओळखता येणार नाही, आणि ज्यांना येतो असं वाटतं त्यांनी मुळात किट मिक्स करू नये.

टेस्ट म्हणजे विंडोजमधली छोटी टेस्ट नाही. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस टाका, रात्रभर निदान चार पास होऊ द्या. एकच एरर आली तरी नापास. "लाखात एकच आलीय, चालेल" असं रॅमच्या बाबतीत नसतं. ते पास झालं की विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटीची मेमरी टेस्ट चालवा, शक्य असेल तर सोबत ग्राफिक्स कार्डावरही लोड टाकून. कारण मेमटेस्टच्या वेळी कार्ड थंड पडलेलं असतं, गेम खेळताना तेच कार्ड गरम हवा वर रॅमकडे सोडतं, चार स्टिक एकमेकींना चिकटून, मधून हवा जायला जागा नाही, आणि थंडपणी पास झालेली सेटिंग गरम झाल्यावर नापास होते. हे सगळं होईपर्यंत त्या पीसीवर महत्त्वाच्या फाइल हलवू नका, बॅकअप घेऊ नका.

एवढी खटपट करायची का, तर ते तुम्हाला खरंच किती रॅम लागते त्यावर. व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन, पन्नास टॅब असा मामला असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये कमिटेडचा आकडा १६ च्या वर जात असेल तर संथ ४८ जीबी हे वेगवान १६ पेक्षा कधीही भारी. रॅममधून डेटा यायला शंभर नॅनोसेकंदाच्या आसपास लागतात, रॅम संपली की एनव्हीएमई एसएसडीवरून यायला दहापट-वीसपट नाही, शेकडो पट जास्त, तिथे सीएल१६ का १८ याला काय अर्थ आहे. पण फक्त गेमिंग असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: जुनं किट विका आणि नवं १६-१६ एकटं लावा. ३२ जीबी, दोनच स्टिक, ३६०० ला निवांत, तुमच्या प्रोसेसरचा आतला फॅब्रिक क्लॉकही (आतले भाग जोडणाऱ्या रस्त्याचा स्पीड) १८०० वर बरोबरीत चालतो, काही हिशेब करायला नको. तुमच्या प्रश्नात वापर काय ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगितलं, पण ४८ ची गरज नक्की नसेल तर मी हेच करेन.

डीडीआर५ वाल्यांनी हे वाचून चार स्टिक मिक्स करायला जाऊ नये. तिथे चार स्टिकचा फटका फार मोठा आहे: रायझन ७००० ला एएमडीचा आकडा दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला थेट ३६००. ६००० चं किट घेऊन ते ३६०० ला चालवायचं? तिथे २४ आणि ४८ जीबीच्याही स्टिक मिळतात, दोनच स्टिकमध्ये ४८ किंवा ९६ होतात, त्या घ्या. आणि नवीन रॅम लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळाच राहतो, ते मेमरी ट्रेनिंग असतं, बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. बंद पडला समजून बटण दाबू नका, चहा घेऊन या.

शेवटचं एक, बायोस अपडेट केलं की हाताने भरलेल्या सगळ्या सेटिंग जातात. ऑटोवर बोर्ड पुन्हा त्याला हवं ते घेईल, आणि नवीन बायोसमध्ये रॅम सांभाळायची पद्धतही बदललेली असू शकते. म्हणून चालणाऱ्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, टीआरएफसीच्या पानासकट, आणि अपडेटनंतर आकडे परत भरून मेमटेस्ट पुन्हा एक रात्र.